बर्बर म्हणायचे कोणाला?

मराठी कोशांत 'बर्बर' या शब्दापुढे रानटी, असंस्कृत, क्रूर असे अर्थ दिलेले आढळतात. अग्रलेखांतून 'बर्बर अत्याचार', 'बर्बरतेचा कळस' हे शब्दप्रयोग नित्याचे आहेत. याच मराठीत, उत्तर आफ्रिकेच्या डोंगरांतून व वाळवंटांतून दोन हजारांहून अधिक वर्षे नांदत आलेल्या एका जनसमाजाचा उल्लेख करण्याची वेळ आली, की तितक्याच सहजतेने 'बर्बर लोक', 'बर्बर खेडी', 'बर्बर शहरे' असे लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात तिरस्कार असतो असे आम्ही म्हणत नाही. पण एखाद्या समाजाच्या नावाच्या जागी शिवी लिहायची आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या वारशाचे कौतुक करायचे, हा व्यवहार विसंगत आहे. आमचे म्हणणे दोन कलमांत सांगता येईल. एक, ज्याला आपण बर्बर म्हणतो तो समाज त्या विशेषणास पात्र नाही, हे त्याच्या एका डोंगरी गावाच्या इतिहासावरूनच दिसून येते. दोन, वारसा ही दाखवण्याची वस्तू नसून वापरण्याचा हक्क आहे. हे ज्यांना मान्य नाही ते परके जेते असोत, स्वकीय राज्यकर्ते असोत किंवा हौशी वारसाप्रेमी असोत, सगळे शेवटी एकाच पंगतीला बसतात.

प्रथम शब्दाची कुळी पाहू. ग्रीकांना परक्याची भाषा 'बर-बर' अशी ऐकू आली, म्हणून त्यांनी परक्याला तसे नाव दिले. संस्कृतातही 'बर्बर' हा शब्द तोतरे बोलणारा आणि म्लेंच्छ अशा दोन्ही अर्थांनी येतो. महाभारतातील परकीय जनांच्या याद्यांत तो आहे. चौदाव्या शतकातील थोर इतिहासकार इब्न खल्दून याने अरबांमधील अशीच एक कथा नोंदवली आहे. कोण्या राजाला या लोकांची बोली अगम्य बडबडीसारखी वाटली आणि त्यावरून त्यांना नाव पडले, अशी ती कथा. म्हणजे या नावात त्या लोकांविषयी कोणतीच माहिती नाही. माहिती आहे ती ऐकणाऱ्याच्या कानाविषयी! ते लोक स्वतःला 'अमाझिघ' म्हणवतात. त्याचे अनेकवचन 'इमाझिघेन'. 'स्वतंत्र माणूस' असा त्याचा प्रचलित अर्थ सांगतात. त्यांच्या भाषेचे नाव तमाझिघ्त. अल्जीरियाच्या जुर्जुरा पर्वतातील इमाझिघेनांना 'काबिल' म्हणतात आणि त्यांच्या प्रदेशाला काबिली. टोळी वा कुळ या अर्थाच्या अरबी 'कबीला' शब्दावरून हे नाव पडले. हा शब्द तरी आपल्याला परका नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत 'कबिला' म्हणजे कुटुंब, बायकामुले. मोहिमेवर निघालेल्या सरदाराचा कबिला कुठे ठेवला याची चिंता त्या पत्रांतून वाचायला मिळते. ज्या लोकांच्या नावात आपल्याच घरगुती शब्दाचा धागा आहे, त्यांना आपण रानटी म्हणून मोकळे होतो.

आता गावाकडे वळू. अल्जीरियात तिझी ऊझू या शहरापासून डोंगर चढत गेले की समुद्रसपाटीपासून सुमारे साडेनऊशे मीटर उंचीवर 'लार्बा नाथ इराथेन' हे गाव लागते. समोर जुर्जुराची शिखरे, भोवती ऑलिव्ह आणि अंजिराची झाडे, आणि प्रत्येक डोंगरधारेवर एकेक खेडे, अशी तेथील रचना आहे. मराठी वाचकाला नावातील 'नाथ' पाहून आपल्या नाथपंथाची आठवण होईल, पण तो भास आहे. 'न' म्हणजे 'चा' आणि 'आथ' म्हणजे 'वंशज'. 'लार्बा' म्हणजे बुधवार. एकूण अर्थ, 'आथ इराथेनांचा बुधवार', अर्थात इराथेन कुळाच्या लोकांचा बुधवारचा आठवडे बाजार. ज्यांच्या गावांतून रविवार पेठ, बुधवार पेठ, शनिवार पेठ नांदतात, त्यांना या नावाचा गोडवा वेगळा समजावून सांगायला नको. बाजाराच्या वारावरून ओळखले जाणारे गाव म्हणजे आसपासच्या खेड्यांनी आपल्या गरजेतून घडवलेले गाव. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तेथूनच सुरू होतो.

पहिला दावा जेत्यांचा. हे गाव फ्रेंचांनी वसवले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. १८५७ साली मार्शल रांदों याने मोठे सैन्य घेऊन काबिलीवर चढाई केली, आथ इराथेनांचा पराभव केला आणि बाजाराच्या त्याच पठारावर १४ जून १८५७ रोजी किल्ल्याची पायाभरणी केली. त्याला नाव दिले फोर नेपोलियन. त्याच मोहिमेत जुलै महिन्यात लल्ला फात्मा न सुमेर ही प्रतिकाराची नेती पकडली गेली आणि १८६३ साली ती कैदेतच वारली. हिंदुस्थानात ज्या वर्षी उठाव पेटला त्याच वर्षीची ही हकीकत. दोहोंचा परस्परसंबंध नव्हता, परंतु साम्राज्यांची रीत एकच होती. १८७० साली तिसरा नेपोलियन पदच्युत झाल्यावर किल्ल्याचे नाव फोर नासियोनाल, म्हणजे 'राष्ट्रीय किल्ला', असे झाले. राष्ट्र कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. स्वातंत्र्यानंतर गावाला आपले बाजाराचे नाव परत मिळाले.

किल्ल्यापासून गावाचा इतिहास मोजणारांना आमचा साधा प्रश्न आहे. मग इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात ज्या आथ इराथेनांची नोंद केली ते कोण होते? तो सांगतो की त्याच्या काळाच्या आगेमागे या कुळाचे नेतृत्व शिम्सी नावाच्या एका स्त्रीकडे होते आणि तिचे मुलगे तिच्या पाठीशी होते. खेड्याखेड्यांतील 'तजमाअत', म्हणजे ग्रामसभा, वाटा, पाणी, कुरणे, दंड, पाहुण्यांची व्यवस्था या सर्वांचे नियम करीत असे. फ्रेंच सेनाधिकारी आनोतो याने लतुर्नो या न्यायाधीशासह या नियमांचा तीन खंडांचा ग्रंथ १८७२-७३ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या कायद्यांना तीन खंड लागले त्यांना रानटी म्हणण्यासाठी विशेष धैर्य हवे! किल्ल्याने गाव वसवले हे म्हणणे म्हणजे, कुलूप लावणाऱ्याने घर बांधले असे म्हणण्यासारखे आहे.

उलट, किल्ल्याने गाव उठवले याचा पुरावा आहे. फोर नेपोलियनच्या बांधकामासाठी ज्या वस्त्या हटवल्या गेल्या त्यांत इशेरायुएन येथील एका कुटुंबाचे घर होते. त्या घरातला लहान मुलगा पुढे सी मोहंद ऊ म्हंद या नावाने काबिलीचा सर्वांत मोठा कवी झाला. १८७१ साली मोक्रानीच्या उठावात काबिली पुन्हा पेटली आणि फोर नासियोनालला सुमारे दोन महिने वेढा पडला. उठाव मोडल्यावर सूड घेतला गेला. काबिलीवर साडेतीन कोटी फ्रँकच्या वर दंड बसवला गेला, सुमारे साडेचार लाख हेक्टर जमीन जप्त झाली आणि अनेकांना पॅसिफिकमधील न्यू कॅलिडोनिया बेटावर काळ्या पाण्याला धाडण्यात आले. सी मोहंदच्या वडिलांना मृत्युदंड झाला, चुलता त्या बेटावर गेला, मालमत्ता गेली. त्यानंतर हा कवी जन्मभर पायी हिंडला आणि 'इसेफ्रा' रचत राहिला. तीन-तीन ओळींची तीन कडवी, अशा नऊ ओळींची, बांधीव यमकाची ही रचना आहे. एकदा म्हटलेली कविता पुन्हा म्हणायची नाही असा त्याचा नेम होता, असे परंपरा सांगते. त्याने काही लिहून ठेवले नाही. ऐकणाऱ्यांनी पाठ केले. १९०५-०६ च्या सुमारास, किल्ल्यापासून जवळच्याच दुसऱ्या डोंगरी गावी, मिशनरी भगिनींच्या इस्पितळात तो वारला. आता सांगा, या गावाचा वारसा कोणता? अजून उभ्या असलेल्या तटभिंती, की त्या तटाखाली गाडल्या गेलेल्या घरातून निघालेली कविता?

यावर एक उत्तर हमखास येते. 'फ्रेंचांनी शाळा दिल्या हे विसरू नका.' आम्ही विसरत नाही. १८८० च्या दशकात काबिलीत सरकारी शाळा निघाल्या आणि त्यांतून शिकलेली माणसे नामांकित झाली. पण त्यांनी त्या शिक्षणाचे काय केले तेही पाहावे. बुलिफा हा आथ इराथेनांपैकीच एक शिक्षक. त्याने १९०४ साली, सी मोहंद हयात असतानाच, त्याच्या कविता मिळवून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या आणि प्रस्तावनेत काबिली स्त्रीविषयी आनोतोने लिहिलेल्या गोष्टींचे खंडन केले. फाद्मा आइत मन्सूर ही बापाने नाकारलेली मुलगी फोर नासियोनालजवळच्या शाळेत वाढली. तिच्या तोंडची गाणी तिचा मुलगा जाँ आम्रूश याने १९३९ साली फ्रेंचमध्ये छापली आणि तिचे आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर १९६८ साली निघाले. मुलूद फेराऊन याची 'गरिबाचा मुलगा' ही कादंबरी १९५० साली आली. १९५२ पासून काही वर्षे तो याच गावात मुख्याध्यापक होता आणि युद्धकाळातील त्याच्या प्रसिद्ध रोजनिशीचा बराच भाग येथलाच आहे. त्यानेही १९६० साली सी मोहंदच्या कवितांचे पुस्तक काढले. १५ मार्च १९६२ रोजी, युद्धविरामाच्या करारावर सह्या होण्याच्या तीन दिवस आधी, फ्रेंच वसाहतवाद्यांच्या गुप्त सशस्त्र संघटनेने त्याला पाच सहकाऱ्यांसह गोळ्या घातल्या. मुलूद मम्मेरी याने १९६९ साली तेच काम आणखी शास्त्रशुद्ध रीतीने केले. म्हणजे परक्या शाळेत शिकलेल्या तीन शिक्षकांनी त्याच एका कवीकडे वळून पाहिले, ज्याचे घर किल्ल्यासाठी पाडले होते. शाळेचे श्रेय शाळेला द्यावे. पण विद्यार्थ्याच्या निष्ठेचे श्रेय मास्तरने घेऊ नये.

दुसरा दावा स्वकीय राज्यकर्त्यांचा. हा दावा समजून घेतला पाहिजे, कारण त्यामागे एक खरी जखम आहे. फ्रेंच लेखकांनी आणि अधिकाऱ्यांनी काबिल लोकांविषयी एक मिथक रचले. हे लोक अरबांहून निराळे, युरोपियनांना जवळचे, नावापुरतेच मुसलमान, असे ते मिथक होते. हेतू उघड होता. शेजारच्या मोरोक्कोत १६ मे १९३० रोजी अमाझिघ टोळ्यांसाठी वेगळी न्यायव्यवस्था करणारा फर्मान निघाला, तेव्हा तेथील राष्ट्रवाद्यांनी त्याविरुद्ध रान उठवले ते उगाच नव्हे. फोडा आणि झोडा ही नीती ज्याने सोसली आहे त्याला वेगळेपणाच्या प्रत्येक उच्चाराचा संशय येतो. हे सर्व मान्य करूनही आम्ही म्हणतो की त्या संशयाचा निकाल चुकीच्या आरोपीविरुद्ध लागला. फ्रेंचांनी काबिलांचा वापर करू पाहिला हा काबिलांचा गुन्हा कसा? स्वातंत्र्ययुद्धाची राजकीय घडी ज्याने बसवली, २० ऑगस्ट १९५६ रोजी सुम्माम खोऱ्यात परिषद भरवण्यात ज्याचा पुढाकार होता, तो अबान रमदान फोर नासियोनालच्या शेजारच्या अझूझा या खेड्यातला. १९५७ च्या डिसेंबरात त्याला ठार केले ते फ्रेंचांनी नव्हे, त्याच्याच सहकाऱ्यांनी. या डोंगरांनी राष्ट्राला आपली माणसे दिली. त्या माणसांची भाषा मात्र राष्ट्राने आपली मानली नाही. १९६३ च्या राज्यघटनेत एकट्या अरबीला स्थान मिळाले. मम्मेरी अल्जिअर्स विद्यापीठात तमाझिघ्तचा वर्ग घेत असे, तोही १९७० च्या दशकाच्या आरंभी बंद पडला.

आणि मग १९८० साल आले. मम्मेरीचे प्राचीन काबिली कवितांवरील पुस्तक नुकतेच निघाले होते. १० मार्च १९८० रोजी तिझी ऊझूच्या विद्यापीठ केंद्रात त्या विषयावर त्याचे व्याख्यान ठरले होते. अधिकाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. साहित्य संस्थांच्या सभासदांनी या घटनेवर जरा थांबून विचार करावा. बंदी कोणत्या जाहीरनाम्यावर आली नव्हती, शस्त्रास्त्रांवर आली नव्हती. ती जुन्या कवितांवरच्या व्याख्यानावर आली होती. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, संप झाले आणि २० एप्रिलच्या पहाटे पोलीस विद्यापीठात व वसतिगृहांत घुसले. शेकडो अटकेत गेले. काबिली लोक त्या दिवसांना 'अमाझिघ वसंत' म्हणतात. राष्ट्राचे ऐक्य जर प्राचीन कवितांच्या व्याख्यानाने भंगत असेल, तर दोष कवितेत आहे की ऐक्यात?

पुढील इतिहास सर्वज्ञात असायला हवा, पण आपल्याकडे तो फारसा पोचला नाही. १९९४ च्या सप्टेंबरपासून काबिलीतील मुलांनी एक शालेय वर्ष शाळेवर बहिष्कार टाकला. मागणी एवढीच की शाळेत आमची भाषा शिकवा. १९९५ साली तमाझिघ्तसाठी शासकीय आयोग नेमला गेला आणि काही शाळांत ती शिकवली जाऊ लागली. अरबी भाषा सर्वत्र सक्तीची करणारा कायदा ५ जुलै १९९८ पासून अमलात यावयाचा होता. त्याआधी दहा दिवस, २५ जूनला, लोकप्रिय गायक लुनेस मातुब याचा डोंगरातल्या रस्त्यावर खून झाला. एप्रिल २००१ मध्ये बेनी दुआला येथे पोलीस ठाण्यात गोळ्या लागून एक शाळकरी मुलगा मेला आणि त्यानंतरच्या आंदोलनात शंभरावर माणसे मारली गेली. तेव्हा कुठे २००२ साली तमाझिघ्तला 'राष्ट्रीय' आणि २०१६ साली 'अधिकृत' भाषेचा दर्जा मिळाला. २०१८ पासून १२ जानेवारीचा अमाझिघ नववर्षदिन ही सरकारी सुट्टी झाली.

'मग झाले तर! आता तक्रार कशाची?' असे विचारणारा वर्ग हाच आमचा तिसरा आणि खरा प्रतिपक्षी आहे. हा वारसाप्रेमींचा वर्ग. त्याला अमाझिघ दागिने आवडतात, गालिचे आवडतात, नववर्षाची मेजवानी आवडते, डोंगरातील कौलारू घरांची छायाचित्रे आवडतात. भाषा मात्र घरात राहिली तरी पुरे, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती काय आहे? घटनेत अधिकृत झालेली भाषा शाळांतून बहुतांशी ऐच्छिक विषय म्हणूनच आहे. सुट्टी मिळाल्यानंतर वर्ष-दीड वर्षातच, जून २०१९ मध्ये, लोकशाहीच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चांत अमाझिघ ध्वज घेऊन चालणारे तरुण तुरुंगात गेले. पंचांगात जागा आणि रस्त्यावर बेड्या, असा हा सन्मान! वारशाला शोभेची वस्तू मानले की असेच होते. शोकेसमधला दागिना कोणाला नको असतो? तोच दागिना अंगावर घालून कोणी कचेरीत हक्क मागायला आला की नको होतो.

याच वर्गाचा आवडता आक्षेप लिपीचा. तमाझिघ्त नेमकी कोणत्या लिपीत लिहायची हेच ठरलेले नाही, मग शिकवणार कशी? हे खरे की काबिलीत रोमन लिपी रूढ आहे, मोरोक्कोने २००३ साली तिफिनाघ लिपी स्वीकारली आणि अल्जीरियात अरबी लिपीचा आग्रह धरणारेही आहेत. पण ज्या मराठीने शतकानुशतके मोडीत व्यवहार केला आणि देवनागरीत छापले, तिच्या वाचकांनी तरी या आक्षेपाला भुलू नये. लिपी बदलते, भाषा टिकते. भाषा शिकवली नाही तर कोणतीच लिपी कामाला येत नाही. आणि पुरातनत्वच हवे असेल तर ट्युनिशियातील दुग्गा येथे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला द्विभाषी शिलालेख सापडला होता. त्याची एक भाषा प्युनिक आणि दुसरी तिफिनाघच्या पूर्वज लिपीतली लिबियन. ज्या लोकांचे शिलालेख दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत त्यांना लिपी नाही म्हणून थांबवून ठेवणे हा वेळकाढूपणा होय.

एवढे सांगितल्यावर उलट बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे, नाही तर हा लेख वकिली ठरेल. जुन्या काबिली ग्रामसभेत स्त्रियांना स्थान नव्हते आणि तेथील रूढ कायद्याने मुलीला वारसाहक्क नाकारला होता. ज्या कुळाने एकेकाळी शिम्सीचे नेतृत्व मानले त्याच्याच मुलखातली ही गोष्ट. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबिलीच्या जंगलांना भयंकर आगी लागल्या, नव्वदच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा याच लार्बा नाथ इराथेनमध्ये एक काळीकुट्ट घटना घडली. आग विझवायला मदत म्हणून दुसऱ्या प्रांतातून आलेल्या एका कलावंत तरुणाला, आग लावणारा समजून, जमावाने ठार मारले. त्या तरुणाच्या वडिलांनी, यावरून दोन समाजांत वैर वाढू देऊ नका, असे देशाला सांगितले. मुलाचा मृतदेह समोर असताना हे बोलायला किती मोठे मन लागते! त्या दिवसाच्या कृत्याला 'बर्बर' म्हणावे काय? म्हणावे, पण मग तो शब्द कृत्यासाठी ठेवावा, समाजासाठी नव्हे. जमाव कोणत्याही भाषेत बोलणारा असू शकतो, हे आपल्या देशात कोणाला सांगायला नको. वारसा माणसाला निष्पाप करीत नाही. तो त्याला स्वतःच्या भाषेत स्वतःचा न्याय करण्याची सोय देतो. तेवढ्यासाठी तरी तो जिवंत हवा.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा आहे. हे त्रैमासिक ज्या कुटुंबांत वाचले जाते त्यांच्या पूर्वेतिहासात दोन्ही बाजूंचे अनुभव आहेत. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या सैन्याबरोबर आणि दफ्तरांबरोबर इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास आलेली घराणी कोटाच्या आत राहिली. बेळगाव आणि गोव्याच्या वाचकांना कोटाबाहेरचा अनुभव अधिक ठाऊक आहे. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, मराठी माणसाच्या तोंडी ते बेळगावच राहिले. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली तीन वर्षांत कोकणी बंद करण्याचा हुकूम काढला होता, तो हुकूम गेला आणि कोकणी राहिली. ज्यांच्या घरी हे दोन्ही अनुभव आहेत त्यांना फोर नेपोलियनची गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी. म्हणून दोन प्रश्न विचारतो. आपण मराठीसाठी जो हक्क मागतो तो माळवी, बुंदेली, कोकणी या शेजारच्या भाषांना मनापासून देतो काय? आणि आपल्या मंडळांचा गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाट्यसंगीताची मैफल हे सर्व थाटात चालू असताना नातवंडांना मराठी वाचता येते काय? येत नसेल तर आपणही सुट्टी मिळवून भाषा गमावणाऱ्यांच्या रांगेत उभे आहोत. काबिलीतल्या मुलांनी भाषेसाठी एक वर्ष शाळा सोडली. आपल्या मुलांना भाषेसाठी आठवड्यातला एक तास काढायला सांगणे फार होते, असे म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. मराठी लेखकांनी आणि संपादकांनी या समाजाला 'अमाझिघ' म्हणावे आणि 'बर्बर' हा शब्द क्रूर कर्मांसाठी राखून ठेवावा. ती कर्मे करणारे सर्वच भाषांत सापडतील. फेराऊनची कादंबरी आणि फाद्माचे आत्मचरित्र आपल्या संस्थांच्या वाचनमंडळांत वाचले जावे. आणि वारसा म्हणजे काय, असा विषय परिसंवादाला ठेवताना किल्ले, वाडे, पैठण्या यांच्या आधी एक गोष्ट विचारावी: जिला आपण वारसा म्हणतो ती भाषा बोलून आपला माणूस शाळेत, कचेरीत आणि बाजारात उभा राहू शकतो काय? बुधवारच्या बाजारावरून नाव पडलेल्या त्या गावाने एकशे सत्तर वर्षांत दोन किल्ल्यांची नावे अंगावर वागवली आणि टाकून दिली. बाजाराचे नाव टिकले, कारण ते वापरात होते.